नारळ आणि शेवटची दहा मिनिटं

नागपूरच्या प्रताप नगरात क्रिकेटवर बोलायला माणूस शोधावा लागत नाही. फुटबॉलवर बोलायचं तर थोडं चालावं लागतं, आणि चालून गेलं तरी समोरचा दोन मिनिटांत विषय जामठ्याच्या क्रिकेट मैदानाकडे वळवतो. ७ एप्रिल २०२५ च्या सकाळी तर्रीपोह्याच्या ठेल्यावर तेच झालं. आदल्या रात्री मी मोबाइलवर मॅच पाहत जागलो होतो. मडगावचं फातोर्डा मैदान, एफसी गोवा विरुद्ध बेंगळुरू, इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी, दुसरी लढत. पहिली लढत गोवा ०-२ हरून आलेला. घरच्या मैदानावर ४९ व्या मिनिटाला बोर्हा हेरेराने एक गोल फेडला, ८८ व्या मिनिटाला अर्मांडो सादिकूने दुसरा. हिशेब बरोबर झाला. आता जादा वेळ होणार म्हणून मी पाणी प्यायला उठलो आणि परत येईतो, ९२ व्या मिनिटाला, सुनील छेत्रीने गोल करून टाकला होता. दोन्ही लढती मिळून ३-२, बेंगळुरू फायनलमध्ये.

माझ्या मित्राला फुटबॉलचा गंध नाही. त्याने पोह्यावर तर्री ओतून घेत सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मंग आता कोचले काढतीन का?"

प्रश्न साधा आहे, पण त्यावर जगभरच्या क्लबांनी कोट्यवधी रुपये घालवले आहेत. वर्षभर संघ उत्तम खेळतो, साखळीत पहिल्या दुसऱ्या जागेवर राहतो, आणि बाद फेरी आली की घसरतो. एकदा झालं तर दैव म्हणता येतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा झालं की गॅलरीतून कोचच्या नावाने ओरडा सुरू होतो. मग एक दिवस क्लबच्या निवेदनात 'परस्पर संमतीने' हे शब्द येतात, म्हणजेच हातात नारळ. तो नारळ योग्य माणसाच्या हाती पडतो का, हे तपासायचं तर आपल्या बाजूला एफसी गोवाइतकं भरलेलं दप्तर दुसरं नाही.

२०१४ ते २०२४-२५ या अकरा हंगामांत हा क्लब आठ वेळा शेवटच्या चारांत पोचला. दोनदा फायनल खेळला. कप एकदाही मिळाला नाही.

या आठ पराभवांची यादी वाचताना एखाद्या घराण्याच्या शापाची गोष्ट वाचल्यासारखं होतं. २०१४ मध्ये कोलकात्याविरुद्ध दोन्ही लढती ०-० आणि पेनल्टी शूटआऊटवर हार. २०१५ मध्ये साखळीत अव्वल आणि फायनल थेट फातोर्ड्यात. २०१८ ला चेन्नईयनकडून सरळ मार, दोन लढतींत १-४. २०१९ ला मुंबईच्या अंधेरीतल्या मैदानावर फायनल, जादा वेळेत गोव्याचा अहमद जाहूह लाल कार्ड घेऊन बाहेर, आणि शूटआऊट तीन-चार मिनिटांवर असताना बेंगळुरूच्या राहुल भेकेने कॉर्नरवर डोकं लावलं. २०२० ला चेन्नईयनकडून एकत्रित ५-६. २०२१ ला मुंबई सिटीकडून शूटआऊटमध्ये ५-६. २०२४ ला पुन्हा मुंबई, त्यातही पहिली लढत जगावेगळी. फातोर्ड्यात नव्वदाव्या मिनिटाला गोवा २-० पुढे होता आणि शिट्टी वाजली तेव्हा २-३ हरलेला होता. मुंबईकडून छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे, सगळं सहा-सात मिनिटांत. आणि मग २०२५ ची ती रात्र.

आठांपैकी किमान सहा वेळा घास हातातोंडाशी आलेला होता. या काळात बाकावर बसलेले गुरुजी पाच निरनिराळे: झिको, सर्जिओ लोबेरा, क्लिफर्ड मिरांडा, हुआन फेरांडो आणि मनोलो मार्केझ. खेळाडू तर जवळजवळ सगळेच बदलले. शेवट तेवढा तोच राहिला.

२०१५ च्या फायनलपाशी थोडं थांबायला हवं. २० डिसेंबरची रात्र. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल केला आणि गोवा २-१ पुढे गेला. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याकडून स्वयंगोल झाला. पुढच्या दोन मिनिटांत स्टिव्हन मेंडोसाने तिसरा मारला आणि चेन्नईयन ३-२ विजेता. झिको हे ब्राझीलचे झिको, १९८२ च्या विश्वचषकातले. पुढे चार वर्षं जपानच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक. त्यांच्या तीन हंगामांचा हिशेब असा: उपांत्य फेरी, फायनल, आणि २०१६ ला आठ संघांत आठवा नंबर. २०१७ च्या आरंभी ते गेले. त्या नारळाबद्दल कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. शेवटच्या नंबरवर आलेल्या कोचला काढताना डोकं लागत नाही.

डोकं लागलं ते लोबेरांच्या वेळी. बार्सिलोनाच्या मुशीतून आलेला हा स्पॅनिश माणूस २०१७ मध्ये गोव्यात आला आणि गोव्याला जे आवडतं ते त्याने दिलं: गोल. पहिल्याच हंगामात १८ साखळी सामन्यांत ४२. फेरान कोरोमिनास ऊर्फ कोरो याने तीन हंगामांत ४८ गोल केले. २०१९ मध्ये फायनल हुकली, पण पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला चेन्नईयनला २-१ हरवून सुपर कप आला. क्लबचा तो पहिला मोठा करंडक. तिसऱ्या हंगामात संघ गुणतक्त्यात अव्वल होता आणि साखळीचे तीनच सामने उरले होते. ३१ जानेवारी २०२० ला लोबेरांना काढण्यात आलं.

वर्तमानपत्रांत व्यवस्थापनाशी बिनसल्याच्या बातम्या आल्या. बिनसलं असेलही, पण दोन हंगामांची बाद फेरीतली हार खात्यावर नसती तर अव्वल असलेल्या कोचशी एवढं बिनसू दिलं असतं, असं मला वाटत नाही. हार माणसाला आधी हलका करते, मग बाकीची कारणं त्याला उचलून बाहेर नेतात.

उरलेले तीन सामने क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माणसाने हंगामी म्हणून सांभाळले आणि तिन्ही दणक्यात जिंकले. संघाचे १८ सामन्यांत ४६ गोल झाले, ३९ गुण झाले, साखळीतल्या अव्वल संघाला मिळणारी लीग शिल्ड आली, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा भारताचा पहिला क्लब म्हणून गोव्याचं नाव लागलं. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईला १-४, फातोर्ड्यात ४-२, आणि एका गोलाने घरी. कोच बदलला होता, हार तीच होती.

पुढचा भाग तर कादंबरीकाराने लिहिला असता तर संपादकाने कापला असता. लोबेरा मुंबई सिटीत गेले. त्यांच्याबरोबर किंवा मागोमाग जाहूह, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू आणि मंदार राव देसाई हेही गोव्याहून मुंबईला गेले. करोनामुळे २०२०-२१ चा सगळा हंगाम गोव्यातच झाला. उपांत्य फेरीत समोरासमोर कोण, तर गोवा आणि मुंबई. पहिली लढत २-२, दुसरी ०-०, शूटआऊट अगदी सडन डेथपर्यंत गेलं. मुंबईसाठी निर्णायक पेनल्टी मारली रॉलिन बोर्जेसने, म्हणजे गोव्याच्याच पोराने. मग १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याच्याच मैदानावर मुंबईने मोहन बागानला २-१ हरवून कप उचलला. शिल्ड आधीच घेतली होती. एकाच हंगामात दोन्ही जिंकणारा तो पहिला संघ, आणि त्याचा कोच होता 'बाद फेरीत ज्याचं काही खरं नाही' असा शिक्का घेऊन गोव्यातून गेलेला माणूस.

इथे एक स्पर्धेच्या घडणीची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून कोचचा न्याय होत नाही. युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये साखळीत जो पहिला तोच विजेता. आपल्याकडे अमेरिकेची चाल आली: साखळीत पहिला येणाऱ्याला शिल्ड, पण 'चॅम्पियन' म्हणायचं ते प्लेऑफ जिंकून कप नेणाऱ्याला. आधी वरचे चार संघ उपांत्य फेरीत जात; २०२२-२३ ते २०२४-२५ या काळात सहा संघ आत येत, पहिले दोन थेट उपांत्य फेरीत आणि तिसरा ते सहावा आपसात एकेक सामना खेळून. २०१९-२० ला शिल्ड सुरू झाल्यापासून २०२४-२५ पर्यंतच्या सहा हंगामांत शिल्ड आणि कप एकाच संघाने नेला तो फक्त दोनदा: २०२०-२१ ला मुंबईने आणि २०२४-२५ ला मोहन बागानने. म्हणजे वर्षभर सर्वांत चांगला खेळलेला संघ सहात चार वेळा कपाविना राहिला. युरोपचा नियम लावला तर गोवा २०१५ आणि २०२० असा दोन वेळचा चॅम्पियन आहे, आणि मग नारळाचा विषयच निघत नाही.

आकडेमोड आणखी थोडी करू. चार संघ उपांत्य फेरीत आले आणि चौघांना सारखी संधी धरली, तर कप न मिळण्याची शक्यता शंभरात ७५. असं ओळीने आठ वेळा रिकाम्या हाती परतण्याची शक्यता किती? पाऊण गुणिले पाऊण असं आठदा केलं की उत्तर येतं साधारण शंभरात दहा. दुर्दैव खरंच, पण चमत्कार नव्हे. दहा क्लबांनी आठ-आठ वेळा नशीब आजमावलं तर सरासरी एकाच्या वाट्याला हे येतं. तो एक क्लब आपल्या शेजारचा निघाला म्हणून आपल्याला शाप दिसतो.

प्लेऑफ नसते तर काय झालं असतं याचा पुरावाही गोव्यातच आहे. आय-लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली आणि पहिली सहा वर्षं तिचा करंडक गोव्याबाहेर गेला नाही: धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. साखळी खेळायची, गुण मोजायचे, ज्याचे जास्त तो राजा. धेंपोच्या बाकावर या काळात आर्मांदो कुलासो होते, एका तपाहून अधिक. त्याआधीची राष्ट्रीय लीग दोनदा आणि आय-लीग तीनदा, अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी मिळवली. आता हेच कुलासो प्लेऑफच्या काळात असते तर? पाच वेळा साखळी जिंकून त्यातले दोन कप हाती लागले असते, तीन वेळा कुणीतरी ९२ व्या मिनिटाला गोल केला असता, आणि तेरा वर्षांऐवजी ते तीन वर्षांत घरी बसले असते. आयएसएलमध्ये तीन हंगाम टिकलेला कोच म्हणजे भीष्माचार्यच.

पण सगळं दैवावर ढकलून मोकळं होणंही खरं नाही. पेनल्टीला मी दैव म्हणेन. २०१५, २०२४ आणि २०२५ मधल्या शेवटच्या मिनिटांना म्हणणार नाही. तीनही वेळा मैदान घरचं, आणि तीनही वेळा हातात आलेलं गेलं ते घड्याळ संपत आलं असताना. आघाडी घेतल्यावर खेळाचा वेग मारणं, चेंडू कोपऱ्यात नेऊन धरणं, दमलेला बचावपटू वेळेवर काढणं, प्रसंगी फाउल घेऊन समोरच्याची लय तोडणं, हे सगळं शिकवता येतं. बघायला ते कंटाळवाणं असतं. आणि गोव्याला कंटाळा चालत नाही, ही खरी गोम. झिको ब्राझीलचे, नंतरचे लोबेरा, फेरांडो, कार्लोस पेन्या, मार्केझ सगळे स्पेनचे. छोट्या पासांचा, पुढे सरकत राहण्याचा खेळ मागितला आणि तो देणारी माणसं आणली. जो क्लब दर वेळी एकाच पद्धतीचा कोच निवडतो, त्याला दर वेळी एकाच पद्धतीची हार मिळाली तर कोचला काय विचारायचं? निवडणाऱ्या खोलीतही कुणीतरी विचारायला हवं. त्या खोलीतल्या कुणाला नारळ मिळाल्याचं मात्र सहसा ऐकू येत नाही.

केरळची गोष्ट याहून जास्त चुटपुट लावते. केरळ ब्लास्टर्स चार हंगाम प्लेऑफच्या आसपासही नव्हता. २०२१ मध्ये इव्हान वुकोमानोविच आले आणि पहिल्याच वर्षी फायनल. २० मार्च २०२२, पुन्हा फातोर्डा. केरळ १-० पुढे, ८८ व्या मिनिटाला हैदराबादच्या साहिल ताव्होराने बरोबरी केली आणि सामना शूटआऊटमध्ये गेला. हैदराबादच्या गोलात उभा होता लक्ष्मीकांत कट्टीमणी. तोच, ज्याच्याकडून याच मैदानावर सहा वर्षांपूर्वी स्वयंगोल झाला होता. त्याने तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबादचे कोच होते मनोलो मार्केझ, जे पुढे गोव्यात येऊन दोनदा उपांत्य फेरीत हरले. एका मैदानावर एवढी उलटापालट झालेली पाहिली की 'मोठ्या सामन्याचा माणूस' आणि 'मोठ्या सामन्यात कच खाणारा' ही दोन माणसं वेगळी असतात, यावरचा विश्वास उडतो.

वुकोमानोविचना पुढच्या वर्षी बेंगळुरूत छेत्रीच्या झटपट फ्री किकचा गोल मान्य झाला नाही आणि ते संघ घेऊन मैदानाबाहेर गेले. क्लबला चार कोटींचा दंड, त्यांना दहा सामन्यांची बंदी. तिसऱ्या वर्षी ओडिशाकडून जादा वेळेत १-२. (ओडिशाचे कोच? लोबेरा. हे नाव या लेखातून मी काढायला गेलो तरी निघत नाही.) एप्रिल २०२४ मध्ये वुकोमानोविच गेले. तीन वर्षं सलग प्लेऑफ, त्यात सलग तीन हार, म्हणून निरोप. पुढच्या हंगामात नव्या कोचला डिसेंबरातच काढावं लागलं आणि केरळ आठवा आला. प्लेऑफमध्ये हरण्याची अडचण अशी सुटली की प्लेऑफच उरली नाही.

मग काढलेलं कधी लाभतच नाही का? लाभतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये टॅम्पा बे संघाने टोनी डंजी यांना जानेवारी २००२ मध्ये काढलं. डबक्यातून संघ वर आणलेला माणूस, पण बाद फेरीत फिलाडेल्फियाकडून सलग दोन वर्षं हरलेला. नवे कोच जॉन ग्रुडन आले आणि पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. टोरंटोच्या बास्केटबॉल संघाने २०१८ मध्ये ड्वेन केसी यांना काढलं. ५९ सामने जिंकलेला हंगाम, पण क्लीव्हलँडकडून तिसऱ्या वर्षी ओळीने हार. 'वर्षातला सर्वोत्तम कोच' हा मान त्यांना मिळाला तेव्हा नोकरी गेलेली होती. पुढच्या वर्षी त्यांचे सहायक निक नर्स यांच्या हाताखाली टोरंटो विजेता झाला. काढा म्हणणारे ही दोन उदाहरणं तोंडावर फेकतात. ते सांगायचं विसरतात की टोरंटोने त्याच उन्हाळ्यात कवाय लेनर्डसारखा खेळाडूही आणला होता, आणि डंजी यांनी इंडियानापोलिसला जाऊन फेब्रुवारी २००७ मध्ये स्वतः सुपर बोल जिंकला.

गंमत म्हणजे त्याच फेब्रुवारीत त्याच खेळातल्या सॅन दिएगोने मार्टी शॉटनहायमर यांना निरोप दिला. कारकिर्दीत साखळीचे २०० विजय, त्या हंगामात सोळापैकी चौदा, आणि बाद फेरीतला आयुष्यभराचा हिशेब ५ विजय, १३ हार. दैवाच्या बाजूने मी वर जी आकडेमोड केली ती या माणसापाशी अडखळते. तेरा हार म्हणजे निव्वळ नाणेफेक नव्हे. तरीही त्यांना काढून सॅन दिएगोला कप मिळाला नाही तो नाहीच. उलट टोकाला जर्मनी: योआखिम लोव २००८ च्या युरोत फायनल हरले, २०१० च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत, २०१२ च्या युरोत पुन्हा उपांत्य फेरीत. जर्मन संघटनेने त्यांना ठेवलं आणि २०१४ मध्ये त्यांनी विश्वचषक आणला. इंग्लंडचे साउथगेट २०२१ आणि २०२४ असे दोन युरो फायनल हरून स्वतःच गेले. आठ वर्षांनंतर माणूस थकतोही. प्रत्येक निरोपामागे कटच असतो असं नाही.

माझ्या मित्राचं लक्ष एव्हाना उडालं होतं. त्याला जागं केलं ते चंद्रकांत पंडित या नावाने.

नागपूरला कोच म्हणजे काय हे २०१७ नंतर कळलं, आणि ते कळायला मुंबईने मदत केली. पंडित मुंबईच्या रणजी संघाचे कोच होते. २०१५-१६ ची रणजी त्यांनी जिंकून दिली होती. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर फायनलमध्ये मुंबई गुजरातकडून हरली. पुढच्या हंगामासाठी मुंबईने समीर दिघे यांना आणलं. पंडित विदर्भात आले. तोवर विदर्भ हा रणजीत इतरांना गुण देणारा संघ होता, फायनल सोडाच. १ जानेवारी २०१८ ला त्याच इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं, रजनीश गुरबाणीची हॅटट्रिक, फैज फजलकडे करंडक. मैदान तेच, कोच तोच, मध्ये एक वर्षही पुरतं गेलेलं नाही. पुढच्या वर्षी जामठ्यात सौराष्ट्राला हरवून पुन्हा विजेतेपद. मुंबईला मात्र पुढच्या रणजी करंडकासाठी मार्च २०२४ पर्यंत थांबावं लागलं.

पंडितांचं आणखी एक जुनं देणं होतं. १९९८-९९ मध्ये ते मध्य प्रदेशचे कर्णधार असताना बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटककडून फायनल हरले होते. जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर, त्याच मध्य प्रदेशचे कोच म्हणून, त्यांनी रणजी जिंकली. समोर मुंबई होती. त्यांचं शिस्तीचं वेड सगळ्यांना मानवत नाही, आणि कोलकात्याला आयपीएल जिंकून दिल्यावर चौदा महिन्यांनी, २०२५ च्या जुलैत, तिथूनही ते बाहेर पडले. नारळांचा संग्रह करावा इतके नारळ या माणसाने पाहिले असतील.

"आणि गनी?" मित्र म्हणाला. आता तो खुर्चीच्या टोकाला आला होता.

विदर्भाचे तेव्हाचे कोच उस्मान गनी यांचं उदाहरण या सगळ्यात सर्वांत कमी गाजलं, कारण तिथे काहीच घडलं नाही. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजीची फायनल. विदर्भाचा पहिला डाव १०५ धावांत संपला, चौथ्या डावात ५३८ हव्या होत्या, ३६८ झाल्या, १६९ धावांनी हार. अक्षय वाडकरचं शतक वाया गेलं. कोचला बदलण्याची हाळी उठायला एवढं पुरे असतं. विदर्भाने गनींना ठेवलं. २०२४-२५ च्या उपांत्य फेरीत नागपुरात त्याच मुंबईला ८० धावांनी हरवलं. हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. फायनलमध्ये केरळविरुद्ध दानिश मालेवारने १५३ केल्या, करुण नायरने ८६ आणि १३५. विदर्भ ३७९, केरळ ३४२. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर २ मार्च २०२५ ला करंडक जामठ्यातच राहिला. फुटबॉलमध्ये असा नियम असता, की आधी पुढे गेलेल्याला विजयी धरा, तर गोव्याचा केवढा फायदा झाला असता! आम्ही काही तो करंडक 'नियमाने मिळाला' म्हणून परत केला नाही.

याच हंगामात विजय हजारे स्पर्धेच्या फायनलमध्ये विदर्भ कर्नाटककडून ३६ धावांनी हरला होता, हे आज प्रताप नगरात किती जणांना आठवतं? हरलेल्या फायनलची आठवण पुढच्या करंडकापर्यंतच टिकते. ती आठवण ताजी असताना, त्या दोन-चार आठवड्यांतच, बहुतेक कोच जातात. क्लबांनी एवढंच करावं: हार झाली की पंधरा दिवस कुणी कोचबद्दल निर्णय घ्यायचा नाही, मग संघ का हरला हे आधी लिहून काढायचं. 'शेवटच्या दहा मिनिटांत सलग तीनदा' असं लिहावं लागलं, तर त्या दहा मिनिटांसाठी एक माणूस नेमावा. तो कोच असलाच पाहिजे असं नाही. बचाव शिकवणारा एखादा सहायक पुरेल. आणि काढायचंच ठरलं, तर पुढचा माणूस आधी ठरलेला असावा आणि साखळीचे तीन सामने उरलेले नसावेत.

मार्केझ गोव्यात तेव्हा एका पायावरच होते; २०२४ पासून भारतीय संघही त्यांच्याकडे होता. बेंगळुरूच्या त्या रात्रीनंतर महिनाभरात, ३ मे ला, गोव्याने जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप घेतला. जुलैत त्यांचं राष्ट्रीय संघाचं काम संपलं आणि गोव्याने त्यांना पुन्हा ठेवून घेतलं. म्हणजे 'काढतीन का'चं उत्तर या वेळी 'नाही' असं आलं. लोबेरांचा धडा क्लबला पाच वर्षांनी पचला असावा. राष्ट्रीय संघाकडे मग खालिद जमील गेले, ज्यांनी मुंबई एफसीत वर्षानुवर्षं करंडकाविना काढली, पुढे ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि जमशेदपूरला उपांत्य फेरीपर्यंत नेलं, तिथे इंज्युरी टाइममधल्या गोलावर हरले.

ठेल्यावरून उठताना मित्राने एक प्रश्न टाकला, जो मला आठ पराभवांच्या यादीत सुचला नव्हता. "तो मधात तीन मॅच जिंकून देणारा गोव्याचा माणूस होता ना, त्यालेच काहून नाही ठेवलं बावा?"

क्लिफर्ड मिरांडा. धेंपोत कुलासोंच्या हाताखाली खेळलेला. गोव्यात परदेशी कोच करारावर येतो आणि घरचा माणूस दोन करारांमधल्या फटीत बसवला जातो. मिरांडांना पुढे ओडिशाने नेलं, तेही हंगामीच. मार्च २०२३ मध्ये जोसेप गोम्बाऊ गेले म्हणून. पुढच्याच महिन्यात, २५ एप्रिलला कोळिकोडमध्ये, मिरांडांनी बेंगळुरूला २-१ हरवून ओडिशाला सुपर कप जिंकून दिला, त्या क्लबचा पहिला मोठा करंडक. बाद फेरीचे सामने, फायनल, सगळं जिंकलेलं. मे महिन्यात ओडिशाने कायमचा कोच जाहीर केला. सर्जिओ लोबेरा.